पासोडीतील ओवी संगणकात शिरते तेव्हा...

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी येथे आहे आणि दासोपंतांची (१५५१-१६१५) कर्मभूमीही हीच. ‘पंचीकरण’ हा वेदान्तविषय दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद वस्त्रावर लिहिला. हीच ती सुप्रसिद्ध पासोडी. अशा दुर्मिळ लेखनाचे छायाचित्र संगणकात ठेवता येते. परंतु एखादा शब्द शोधायचा अथवा पाठभेद ताडून पाहायचा तर मजकूर टंकलिखित करून त्याच्या प्रत्येक भागाची ओळख नोंदवावी लागते. जगभरातील ग्रंथसंपादक त्यासाठी ‘एक्सएमएल’ ही खूणपद्धती वापरतात.

‘एक्सएमएल’ला फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. ग्रंथांसाठी कोणत्या खुणा वापराव्यात, हे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ने ठरवून दिले आहे. चरणासाठी ‘एल’, चरणसमूहासाठी ‘एलजी’, नष्ट झालेल्या अक्षरांसाठी ‘गॅप’, अस्पष्ट अक्षरांसाठी ‘अनक्लिअर’, तर संपादकाने पदरची भर घातली असल्यास ‘सप्लाइड’. मूळ कवीचे अक्षर कोणते आणि संपादकाचा तर्क कोणता, हे वाचकाला कळावे, हाच त्यामागचा हेतू.

या खुणा घालण्यासाठी ‘एक्सएमएल एडिटर’ नावाचे सॉफ्टवेअर असते आणि त्याला जादा क्षमता देणारी छोटी आज्ञावली म्हणजे ‘प्लग-इन’. समजा, ओव्यांना क्रमांक देणारे आणि अस्पष्ट जागांची यादी करणारे प्लग-इन तयार करायचे आहे. तेव्हा पहिलाच प्रश्न उभा राहतो : मजकूर वाचायचा कुठून?

एकच मजकूर, तीन रूपे

उघडलेला दस्तऐवज एकाच वेळी तीन रूपांत अस्तित्वात असतो. पहिले रूप डिस्कवरील फाइलचे. ती वाचणे सर्वांत सोपे. पण संपादकाने गेल्या अर्ध्या तासात केलेल्या आणि अद्याप ‘सेव्ह’ न केलेल्या दुरुस्त्या तीत नसतात. प्लग-इनने शिळ्या फाइलवर काम करून तीच पुन्हा लिहिली, तर नव्या दुरुस्त्या पुसल्या जाण्याची भीती असते.

दुसरे रूप एडिटरच्या स्मृतीतील अक्षरमालेचे. ही अक्षरमाला ताजी असते. मात्र टंकलेखन चालू असताना एखादी खूण उघडी राहिलेली असू शकते. नियमानुसार अशी चूक आढळताच वाचक-आज्ञावलीला तिथेच थांबावे लागते. शिवाय नुसता शब्दशोध फसवा ठरतो. ओळ जिथे संपते तिथे ‘एलबी’ ही खूण येते. ‘आत्मज्ञान’ हा शब्द दोन ओळींत विभागला गेला की मध्ये ही खूण शिरते आणि शोधाला तो शब्द सापडत नाही.

तिसरे रूप झाडाचे. ग्रंथ हे खोड, प्रकरण ही फांदी, ओवी ही डहाळी आणि मजकूर हे पान. ‘डॉम’ नावाच्या या रचनेचे पहिले प्रमाण ऑक्टोबर १९९८ मध्ये, तर झाडातील नेमकी जागा सांगणारी ‘एक्सपाथ’ भाषा १९९९ मध्ये आली. ‘सर्व ओव्यांतील अस्पष्ट जागा दाखव’ ही विनंती येथे एका ओळीत करता येते. म्हणून अर्थ समजून घ्यायचा असेल, तेव्हा झाडाकडे वळावे आणि पडद्यावरची नेमकी जागा दाखवायची असेल, तेव्हा ती एडिटरलाच विचारावी.

जोडाक्षरांचा पेच

ही जागा स्वतः मोजू पाहणारा देवनागरीत हमखास अडखळतो. ‘क्षे’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते. पण युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि एकाराची मात्रा असे चार घटक होतात. प्रचलित ‘यूटीएफ-८’ पद्धतीत त्यांना बारा बाइट लागतात. एक, चार की बारा? बाइटांचा आकडा अक्षरांचा समजून खूण घातली, तर ती मात्रेच्या अलीकडे पडून अक्षर दुभंगते. ‘दऱ्या’मधील अर्धा र तर दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखेच. शोधताना मात्र भिन्न. तुलनेपूर्वी दोन्ही एका साच्यात आणणे अपरिहार्य ठरते.

बदल एडिटरमार्फतच

वाचन झाले की लेखन येते. संपूर्ण झाड पुन्हा मजकुरात उतरवून जुन्या मजकुराच्या जागी ठेवण्याचा मोह होतो. तसे केल्यास खुणांमधील मोकळ्या जागा व अवतरणचिन्हांची पद्धत बदलते. मग दोन आवृत्त्यांची तुलना करताना न बदललेल्या ओळीही बदललेल्या दिसू लागतात. त्याऐवजी नेमक्या जागचा बदल एडिटरच्या अधिकृत मार्गाने करावा आणि एका आज्ञेतील सर्व बदल एकत्र बांधावेत, म्हणजे ‘अनडू’च्या एकाच आज्ञेने पूर्वस्थिती परत मिळते.

जुन्या ग्रंथाच्या बाबतीत ही काटेकोर शिस्त पाठशुद्धीचाच एक भाग ठरते. प्लग-इनच्या चुकीने ‘सप्लाइड’ ही खूण एक अक्षर सरकली, तर संपादकाचा तर्क दासोपंतांच्या नावावर जमा होतो आणि पुढचा अभ्यासक तोच मूळ पाठ म्हणून उद्धृत करतो.