चारोटी नाक्यावरचा हाफ शाफ्ट

डहाणू-जव्हार रस्ता चारोटीला महामार्ग ओलांडतो. घाट उतरून आलेला ट्रक तिथल्या गॅरेजपाशी थांबला की करपलेल्या ब्रेक-लाइनरचा उग्र वास घशात बसतो. तिथे काम करणारे तलासरीचे एक मिस्त्री चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच मागचा हाफ शाफ्ट बाहेर काढतात, असं ऐकलं आणि ते बघायला मी गेले.

हबवरचे बोल्ट सुटले. मिस्त्रींनी तेलाने माखलेला लांब पोलादी दांडा ओढून काढला. ट्रक जागचा हलला नाही.

“दादा, मग भार कशावर आहे?”

“हौसिंगवर, ह्याच्या बाहेरच्या कवचावर, ताई. मागच्या ॲक्सलला साडेअकरा टन पास आहे, त्यातलं किलोभर वजनही ह्याच्यावर नाही. हा नुसता चाक फिरवतो.”

2018 पर्यंत ही मर्यादा 10.2 टन होती. मर्यादा वाढल्याने मालकाचा फायदा झाला. साडेअकरा टन उतारावर थोपवायचे मात्र ह्याच लाइनरने.

तो दांडा बघताना मला 1908 ची मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणी आठवली. 620 मैल, वाटेत सह्याद्रीतले सहा घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस त्यात जिंकली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेतली. त्या काळच्या ह्या मॉडेलचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हताच, गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर होता. म्हणजे चालकाने पाय दाबला की तो जोर डिफरन्शियलमधून, दोन्ही हाफ शाफ्टमधून मागच्या चाकांपर्यंत जायचा. चाक फिरवणाऱ्या दांड्यानेच ते अडवायचं. मागच्या चाकांच्या ड्रमवर हाताचा ब्रेक होता, पुढच्या चाकांना काहीच नाही. पायाचा ब्रेक मागच्या ड्रमवर आला तो 1913 मध्ये.

पुढच्या चाकांना ब्रेक न देण्याला कारण होतं: ती वळवायचीही असतात. ब्रेक लागताच पुढचा ॲक्सल पिळवटतो आणि स्टिअरिंग ओढलं जातं. ही अडचण खरी होती. पण हिस्पानो-सुइझाने 1919 मध्येच चारही चाकांना ब्रेक दिले, वर चालत्या गिअरबॉक्सचाच जोर पायाच्या मदतीला घेतला. रोल्स-रॉइसने इंजिनाच्या शांततेवर जेवढा जीव ओतला तेवढा थांबण्यावर ओतला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा घाट उतरायचे होते, नुसते चढायचे नव्हते.

चारोटीच्या ह्या ट्रकमध्ये पायाच्या मदतीला दाबलेली हवा असते. जॅक लावून चाकं आणि ड्रम उतरवल्यावर मिस्त्रींनी आतली काळी भुकटी आधी पाण्याने भिजवली. हवेचा पाइप मारून ती उडवायची सवय त्यांनी सोडली आहे. कारण त्यांच्या उस्तादांना म्हातारपणी दम लागायचा. मग जुने रिव्हेट ठोकून काढले आणि ब्रेक-शूवर नवा लाइनर बसवला. पितळी रिव्हेट मधून सुरू करून कडांकडे, म्हणजे लाइनरखाली पोकळी राहत नाही. प्रत्येक डोकं लाइनरच्या पृष्ठभागाखाली गेलंय ना, हे ते बोटाने चाचपत होते. एकही वर राहिलं तर ड्रमला चर पडतो. एवढं बारीक काम, आणि नंतर ते कुणाला दिसणारही नाही.

ड्रम चढला, शाफ्ट आत गेला, हवेचा दाब भरला. ड्रायव्हर घाईत होता.

“साडेअकरा टन भरशील उद्या,” मिस्त्री त्याला म्हणाले, “पण दोन दिवस दाबून ब्रेक मारू नको. उताराला गिअर खाली टाक. लाइनर ड्रमला बसू दे.”