नाव एक, माणसे अनेक

संस्थेच्या कार्यकारिणीने स्मरणिकेसाठी "बँकेतले काहीतरी उपयोगाचे लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा आम्हाला गेल्या वर्षीचा एक प्रसंग आठवला. आपल्या वस्तीतील एक विद्यार्थी वडिलांना घेऊन शैक्षणिक कर्जासाठी आमच्या शाखेत आला होता. अभियांत्रिकीला नंबर लागलेला, फी भरायला आठ दिवस उरलेले. वडील सहकर्जदार. त्यांची पतमाहिती संगणकावर काढली, तर एका मोटारसायकलच्या कर्जाची मोठी थकबाकी त्यांच्या नावावर! ते म्हणाले, "साहेब, मला सायकलीशिवाय काही चालवता येत नाही." शाखाधिकारी हसले नाहीत. कागद सांगतो ते खरे, ही आमच्या पेशाची सवय.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत तो अहवाल पुन्हा वाचला. थकबाकीदाराचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हुबेहूब तेच. जन्मतारीखही तीच, १ जून. पत्ता मात्र दुसऱ्या जिल्ह्यातला, आणि त्या कर्जाच्या नोंदीत पॅन क्रमांकाची जागा रिकामी.

ही १ जून तारीख आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांच्या दाखल्यावर सापडेल. आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, आणि गुरुजी दाखल करून घेताना अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकत. त्या दिवशी महाराष्ट्रात किती वाढदिवस असतात, याची गंमत वाटते. पण संगणकाला गंमत कळत नाही. त्यात १९५६ नंतर आपल्याकडे मुलांची नावे सिद्धार्थ, राहुल, गौतम, आनंद, अशोक अशी आवडीने ठेवली गेली. आडनावे कांबळे, गायकवाड, जाधव, वाघमारे अशी मोजकी. नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच, असे यंत्राने मानले तर दोष नावाचा नाही, अर्धवट नोंद करणाऱ्याचा आहे.

पूर्वी ही अडचण गावापुरती होती. तलाठी दोघांनाही ओळखत असे. एक "वरल्या आळीचा", दुसरा "विहिरीजवळचा". आता सातबारा, मतदार यादी, न्यायालयातील खटले हे सर्व नावाने शोधता येते, आणि शोधणारा त्या माणसाला ओळखत नसतो. न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव व वर्ष घातले की खटल्यांची यादी येते. तीत फक्त "अमुक विरुद्ध तमुक" एवढेच दिसते. वय नाही, छायाचित्र नाही. नोकरी देणारा किंवा घर भाड्याने देणारा ही यादी पाहून मनात काय धरील, ते तो आपल्याला सांगणारही नाही. आमच्या मते सर्वांत घातक गैरसमज हाच, कारण त्याला उत्तर देण्याची संधीच मिळत नाही. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरे-अंकांचा स्वतंत्र सीएनआर क्रमांक असतो. त्यावरून प्रकरण नीट ओळखता येते, परंतु तेवढे कष्ट कोण घेतो?

निवडणुकीत तर नामसाधर्म्याने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. २०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे २,११० मतांनी पराभूत झाले, आणि त्याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते पडली. त्यांतील किती चुकून पडली, ते यंत्र सांगत नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांत एकाच नावाच्या उमेदवारांपुढे व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण जोडून फरक दाखवण्याची तरतूद होतीच. २०१५ पासून मतपत्रिकेवर छायाचित्रही आले. अशा उमेदवारांना आळा घालावा म्हणून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, तो न्यायालयाने ऐकून घेतला नाही. आईवडिलांनी सारखे नाव ठेवले म्हणून कुणाचा उभे राहण्याचा हक्क कसा काढून घेणार, असा त्याचा आशय होता. आम्हाला हे पटते. नाव ही कुणा एकाची मालमत्ता नव्हे.

म्हणूनच सरकार व बँका नावापेक्षा क्रमांकावर भिस्त ठेवतात. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे यांवरून दोन माणसे वेगळी ठरतात, मग नाव काहीही असो. पॅनच्या दहा चिन्हांत चौथे अक्षर व्यक्तीसाठी 'पी' आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर असते. त्यामुळे सर्व कांबळ्यांचे पाचवे अक्षर 'के' असले तरी पूर्ण पॅन प्रत्येकाचा निराळा.

पैसे पाठवतानाही हेच लक्षात ठेवावे. एनईएफटीने रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकावर. १ एप्रिल २०२५ पासून पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसण्याची सोय झाली आहे, ती उत्तम आहे. पण आपल्या ओळखीच्याचे नाव दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. नाव तेच आणि माणूस दुसरा असू शकतो. शेवटचे चार अंक फोनवर विचारून घ्यावेत.

राज्य शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय घेतला, तो मातेच्या सन्मानासाठी. आमच्यासारख्या कारकुनाला त्यात आणखी एक लाभ दिसतो. नाव, वडील व आडनाव सारखे असले तरी आईचेही नाव जुळणे विरळा.

त्या विद्यार्थ्याचे सांगायचे राहिले. पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत. लोक सरसकट "सिबिल" म्हणतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर रोज शंभर रुपये भरपाई मिळण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. वडिलांचा पॅन, आधार व शिधापत्रिका जोडून आम्ही त्यांच्याकडून तक्रार करवली. नोंद पुसली गेली, पण त्याला तेवीस दिवस लागले. फीची मुदत आठ दिवसांची होती. मधले पैसे मुलाच्या मामांनी शेळ्या विकून भरले, आणि कर्ज मंजूर झाल्यावर वडिलांनी पहिल्यांदा ते परत केले. आता ते दर जूनमध्ये अहवालाची प्रत काढायला आमच्या खिडकीशी येतात. म्हणतात, "बघा, माझा जुळा भाऊ काही नवीन घेऊन बसलाय का."