अ‍ॅम्प्लिफायर घेताय? थांबा, आधी वायर बघा!

रात्रीचे ११.५५. असाइनमेंट अपलोड करायची डेडलाइन १२ची आणि स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चक्र! महापे-ऐरोलीत डेटा सेंटर्स उभी आहेत, २०२०मध्ये पनवेलला योट्टाचं अवाढव्य डेटा सेंटर सुरू झालं. पण त्याच नवी मुंबईत हॉलमधून बेडरूममध्ये येईपर्यंत नेटला धाप लागते. मग कुणीतरी सल्ला देतं, 'अरे, एक अ‍ॅम्प्लिफायर लाव, काम झालं!' पॉकेटमनी खर्च करण्याआधी एवढं वाचाच.

वायर कोणती?
टीव्हीसारखी जाड, गोल, स्क्रूने बसणारी वायर मोडेमला जात असेल, तर ती कोएक्सियल केबल. अ‍ॅम्प्लिफायरचा विचार फक्त तिच्यासाठी. घरात फायबर किंवा गच्चीवरच्या स्विचमधून आलेली लॅन केबल असेल, तर हा डबा काडीच्या कामाचा नाही.

आता लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडा. स्पीड झकास मिळाला, तर दोष वाय-फायचा. राउटरची जागा बदला, विषय संपला.

चोर सापडला!
इथेही स्पीड रडतोय? मग स्प्लिटर मोजा. टीव्ही आणि मोडेमसाठी एकाच वायरच्या दोन वायरी करणारी ती छोटी डबी. एका टू-वे स्प्लिटरमध्ये साधारण ३.५ डेसिबल सिग्नल जातो, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद. एकामागे एक दोन लावले, की उरतो जेमतेम पाचवा हिस्सा. जुना टीव्ही कधीच भंगारात गेला, पण त्याचा स्प्लिटर अजून भिंतीवर लटकतोय, असं तर नाही ना? काढून टाका. सैल कनेक्टर घट्ट करा. खाडीकाठच्या दमट हवेत आणि पावसात ते गंजतात, त्यामुळे हिरवट-काळपट दिसला तर बदलून घ्या.

आकडे बोलतात
बऱ्याच केबल मोडेममध्ये ब्राउझरवर १९२.१६८.१००.१ टाकलं, की सिग्नलचं पान उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये असेल तर उत्तम. एसएनआर, म्हणजे खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती, हा आकडा ३३च्या वर हवा. पॉवर कमी पण एसएनआर चांगला असेल, तरच अ‍ॅम्प्लिफायर कामाला येतो. कारण तो सिग्नलसोबत खरखरही वाढवतो. फाटक्या आवाजाच्या गायकाला मोठा स्पीकर दिला, तर तो सुरात थोडाच येणार?

घ्यायचाच असेल तर…
टीव्हीचा साधा बूस्टर उचलून आणू नका. मोडेम नुसतं ऐकत नाही, उलट बोलतोही. एकाच दिशेने चालणारा बूस्टर त्याचं बोलणंच अडवतो आणि होतं तेवढं नेटही जातं. 'रिटर्न पाथ' असलेला, दोन्ही दिशांनी चालणारा अ‍ॅम्प्लिफायर मागा. तोही मोडेमजवळ नाही, तर वायर घरात शिरते तिथे, स्प्लिटरच्या आधी लावा.

आणि घराच्या दारापर्यंतच सिग्नल मेलेला येत असेल, तर ते दुखणं केबलवाल्याचं. त्या आकड्यांचा स्क्रीनशॉट काढा, तक्रार करा, डॉकेट नंबर घ्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौघांत कॉन्ट्रिब्युशन काढून डबा विकत आणण्यापेक्षा हा एक फोन स्वस्त पडतो. फक्त तो सबमिशनच्या रात्री नाही, आठवडाभर आधी करा!