उच्चैःश्रव्याच्या शेपटीचा रंग

महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या सवतींची पैज लागते ती एका घोड्याच्या रंगावरून. समुद्रमंथनातून निघालेला उच्चैःश्रवा अंगभर पांढरा आहे, असं विनता म्हणते. कद्रू म्हणते, त्याची शेपटी काळी आहे. मग ती आपल्या सर्पपुत्रांना शेपटीला चिकटायला लावते, पैज जिंकते आणि विनता दासी होते. कथेत हे कपट असलं, तरी घोड्यांच्या पारख्याला हा वाद अजिबात काल्पनिक वाटणार नाही. अंग पांढरं पण शेपटी काळसर, असे घोडे असतात, आणि काही वर्षांनी तेच घोडे शेपटीसकट पांढरे होतात. त्यामुळे नुसता ‘पांढरा घोडा’ म्हटल्याने काहीच ठरत नाही.

रंगद्रव्यं दोनच

घोड्याच्या केसांत रंगद्रव्यं दोनच असतात: एक काळं, एक तांबूस. ‘एमसी१आर’ नावाच्या जनुकाची आई-बापांकडून आलेली एक प्रत जरी चालू असली, तरी केसात काळं द्रव्य तयार होऊ शकतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर घोडा तांबूसच राहतो. रेसकोर्सवर त्याला चेस्टनट म्हणतात. काळं द्रव्य तयार झालं, तर ते कुठे उमटायचं हे दुसरं जनुक ठरवतं. त्याचं नाव अगूटी. ते चालू असेल तर काळा रंग आयाळ, शेपटी, पाय आणि कानांच्या कडांपुरता राहतो आणि अंग तपकिरी-तांबडं होतं. हाच कुमैत. अगूटीच्या दोन्ही प्रती बंद असतील तर घोडा नखशिखांत काळा होतो.

यावरून निघणारा एक नियम डीएनएची रचना उलगडण्याच्या कितीतरी आधी हाती आला होता. मेंडेलचे नियम नव्याने उजेडात आले तेव्हा इंग्लंडमधल्या चार्ल्स हर्स्ट यांनी थरोब्रेड घोड्यांच्या छापील वंशनोंदी चाळल्या आणि १९०६ मध्ये निष्कर्ष मांडला: चेस्टनट घोडा आणि चेस्टनट घोडी यांचं शिंगरू चेस्टनटच निपजतं. मेंडेलवादाचे विरोधक, प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी त्याच नोंदींतून अपवाद काढून दाखवले. हर्स्ट यांच्या बाजूने उत्तर आलं की मोजके अपवाद नोंदीतल्या चुकांचे आहेत. या नोंदींचं काम वेल्डन अखेरपर्यंत करत होते. एप्रिल १९०६ मध्ये त्यांचं निधन झालं. आनुवंशशास्त्रातल्या एका मोठ्या भांडणाचा निकाल असा घोड्यांच्या रंगावर येऊन ठेपला होता, आणि तो हर्स्ट यांच्या बाजूने लागला.

हेमचंद्राची नजर

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणी’ हा कोश रचला. त्यात घोड्यांच्या रंगांची लांबलचक यादी आहे. वोल्लाह म्हणजे पिंगट अंगाचा, पण फिकट आयाळ-शेपटीचा. कुलाह किंचित पिवळसर, पण गुडघ्यांवर काळा. उराह फिकट, पण त्याच्या पोटऱ्या काळ्या. सुरूहक गाढवाच्या रंगाचा. नुसतं अंग पाहून हा कोशकार थांबत नाही. पाय, गुडघे, आयाळ, शेपटी यांवरून तो घोडा वेगळा काढतो.

नेमक्या याच जागा आज जनुकांचा अंदाज देतात. रंग फिका करणाऱ्या ‘क्रीम’ जनुकाची एक प्रत तांबूस द्रव्य पातळ करते, काळ्याला मात्र फारसा धक्का लावत नाही. म्हणून चेस्टनटचा सोनेरी, पांढुरक्या आयाळीचा पॅलोमिनो होतो. कुमैताचं अंग पिवळसर होतं आणि पाय काळेच राहतात. वोल्लाह आणि कुलाह यांची वर्णनं या दोघांशी जुळतात. गाढवासारखा रंग आणि पाठीवरची गडद रेघ ही ‘डन’ नावाच्या रंगाची खूण आहे. त्यामागे ‘टीबीएक्स३’ हे जनुक असल्याचं २०१६ मध्ये सिद्ध झालं.

पांढऱ्याच्या तीन वाटा

पहिली वाट ग्रे घोड्याची. तो काळा, तांबडा किंवा कुमैत जन्मतो आणि माणसाच्या डोक्यासारखा वर्षागणिक पिकत जातो. कातडी मात्र काळीच राहते. नाकपुड्यांभोवती पाहिलं की ती दिसते. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने याचं कारण सापडलं: ‘एसटीएक्स१७’ जनुकातला सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा दोनदा लिहिला गेला आहे. त्याची एक प्रतही पुरते, म्हणून ग्रे शिंगराच्या आई-बापांपैकी एक ग्रे असावाच लागतो. याची किंमत जबर आहे. पंधरा वर्षांपुढच्या ग्रे घोड्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना मेलानोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या, गाठी येतात.

दुसरी वाट क्रीमच्या दोन प्रतींची. हे शिंगरू जन्मतःच मलईच्या रंगाचं, गुलाबी कातडीचं आणि निळ्या डोळ्यांचं असतं. तिसऱ्या वाटेवर ‘किट’ जनुकातल्या बदलांमुळे रंगपेशीच केसांपर्यंत पोचत नाहीत. इथे कातडी गुलाबी असते, पण डोळे बहुधा गडद.

पांढऱ्याची एक जीवघेणी वाटही आहे. ‘फ्रेम’ नावाच्या अबलखपणाचं जनुक दोन्हीकडून आलं तर शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मतं. त्याच्या आतड्यात मज्जापेशी नसतात आणि ते काही दिवसांतच दगावतं. अबलखपणाच्या हौसेने दोन फ्रेम घोड्यांची जोडी लावली, तर दर चार शिंगरांमागे एकाचा बळी जाण्याची शक्यता असते.

गुहेतले ठिपके

फ्रान्समधल्या पेश-मेर्ल गुहेत सुमारे २५,००० वर्षांपूर्वी काढलेले पांढऱ्या अंगावर काळ्या ठिपक्यांचे घोडे आहेत. ही चित्रकाराची कल्पनाच असावी, असं पुष्कळांना वाटे. २०११ मध्ये ३१ प्राचीन घोड्यांच्या हाडा-दातांतला डीएनए तपासला गेला, तेव्हा १८ कुमैत, ७ काळे आणि ६ ठिपक्यांच्या जनुकाचे निघाले. म्हणजे असे घोडे खरोखर होते. चेस्टनट मात्र त्यांत एकही नव्हता. रंगांची खरी गर्दी झाली ती घोडा माणसाळल्यावर. ठिपक्यांच्या जनुकाच्या दोन प्रती आल्या की घोड्याला रात्री दिसत नाही. रानात हे महागात पडतं, तबेल्यात निभावून जातं.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला आणि अंगावरच्या शुभ-अशुभ खुणांना मोठा मान असतो. घेणाऱ्याने नाकपुडीभोवतालची कातडी आणि डोळे आधी पाहावेत. काळी कातडी ग्रेकडे बोट दाखवते, म्हणजे शेपटीखाली गाठी आहेत का हे चाचपून पाहायलाच हवं. गुलाबी कातडीला उन्हाचा त्रास होतो, म्हणून सावलीची सोय हवी. पैदास करायची असेल, तर मुळासकट उपटलेल्या चार केसांवरून या बहुतेक जनुकांची तपासणी होते. रंगाची हौस माणसाची असते, पण तिची किंमत शिंगराला मोजावी लागते. म्हणून ही तपासणी जोडी लावण्याआधीच व्हायला हवी.