कर्करोगातील अपवाद आणि आपल्या घरातील रुग्ण

जून २०२२ मध्ये एक बातमी अनेक कुटुंबांच्या मोबाईलवर येऊन पोहोचली. ‘कर्करोगावर औषध सापडले, सर्व रुग्ण शंभर टक्के बरे’ असा तिचा आशय होता. त्यानंतर काही आठवडे दवाखान्यात येणारे नातेवाईक मला ती बातमी दाखवीत. कोणाच्या वडिलांना फुफ्फुसाचा कर्करोग, कोणाच्या आईला स्तनाचा, कोणाच्या काकांना जिभेचा. प्रश्न मात्र एकच असे : “डॉक्टर, हे इंजेक्शन आपल्याकडे मिळेल का?”

बातमी खोटी नव्हती, अपुरी होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्रात गुदाशयाचा कर्करोग झालेल्या काही रुग्णांना डॉस्टारलिमॅब हे औषध सहा महिने देण्यात आले. उपचार पूर्ण केलेल्या बाराही रुग्णांची गाठ तपासण्यांमध्ये दिसेनाशी झाली. त्यांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केमोथेरपी यांपैकी काहीही लागले नाही. मात्र हे सर्व रुग्ण एका विशिष्ट प्रकारचे होते. त्यांच्या गाठीतील पेशींमध्ये डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. अशा पेशींमध्ये चुका साचत जातात, त्यामुळे त्या शरीराला परक्या वाटू लागतात. औषधाने प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल केला की ती त्यांच्यावर तुटून पडते. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांमध्येच हा दोष आढळतो.

म्हणून ‘हे औषध मिळेल का?’ यापेक्षा ‘आमच्या रुग्णाच्या गाठीत असा काही दोष आहे का, आणि तो तपासला आहे का?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा. वाचकहो, अपवादात्मक रुग्णांच्या कथा आपण ऐकाव्यात. पण त्यातून चमत्कार न शोधता कारण शोधावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

अपवाद जुनेच आहेत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे शल्यविशारद होते. मानेवर वारंवार उद्भवणारी कर्करोगाची गाठ असलेल्या एका रुग्णाला त्वचेचा तीव्र जंतुसंसर्ग झाला, ताप चढला आणि त्यानंतर गाठ नाहीशी झाली, अशी नोंद त्यांना जुन्या कागदपत्रांत सापडली. त्यावरून त्यांनी १८९१ पासून रुग्णांना मुद्दाम जंतू टोचण्याचे प्रयोग केले. काहींना गुण आला, काहींच्या जिवावर बेतले. पुढे किरणोपचार व केमोथेरपी आल्यावर ही पद्धत मागे पडली. तरीही जागृत झालेली प्रतिकारशक्ती गाठीशी लढू शकते, हे त्या अपवादातून सुचलेले सूत्र टिकून राहिले.

त्याच सूत्राचे एक रूप आपल्या ओळखीचे आहे. नवजात बाळाला क्षयरोगाविरुद्ध दिली जाणारी बीसीजी लस मूत्राशयाच्या अस्तरापुरत्या मर्यादित कर्करोगात थेट मूत्राशयात सोडली जाते. १९७६ मध्ये कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी तिचा उपयोग दाखवून दिला आणि ती आजही प्रचलित आहे.

कोणत्याही पुरेशा उपचाराविना गाठ आपोआप विरल्याच्या घटनाही घडतात. एव्हरसन आणि कोल या दोन शल्यविशारदांनी १९६६ मध्ये अशा १७६ रुग्णांच्या नोंदी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. जगभरच्या वैद्यकीय साहित्यातून, अनेक दशकांतून जमवलेल्या या एवढ्याच नोंदी होत्या. तान्ह्या बाळांतील न्यूरोब्लास्टोमा, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग यांत हे अधिक वेळा दिसले आहे. अशा दुर्मीळ घटनेच्या भरवशावर उपचार थांबवणे म्हणजे विहिरीत पडलेला एक जण वाचला म्हणून कठडा काढून टाकण्यासारखे आहे. शिवाय एखादा काढा घेऊन बरा झालेला माणूस आपली कथा सांगत हिंडतो. तोच काढा घेऊन न वाचलेल्यांची कथा सांगायला कोणी उरत नाही.

कारण सापडते तेव्हा

सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले एक उदाहरण बोलके आहे. मूत्राशयाच्या पसरलेल्या कर्करोगावर एव्हरोलिमस या गोळ्यांची ४५ रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. एकंदर निकाल निराशाजनक होता. परंतु एका वृद्ध स्त्रीचा रोग पूर्णपणे मागे हटला आणि दोन वर्षांहून अधिक काळ परतला नाही. शास्त्रज्ञांनी तिच्या गाठीचा संपूर्ण जनुकीय आराखडा तपासला. त्यात टीएससी-१ नावाच्या जनुकात बिघाड सापडला आणि हे औषध नेमके त्याच बिघाडाशी संबंधित मार्गावर काम करणारे होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने असे ‘असाधारण प्रतिसाद’ देणारे रुग्ण शोधून त्यांचा अभ्यास केला. २०२० मध्ये त्यांनी १११ रुग्णांचे विश्लेषण मांडले. त्यांपैकी २६ जणांमध्ये प्रतिसादाचे संभाव्य जैविक कारण दाखवता आले. म्हणजे बहुतेकांचे कोडे अद्याप सुटलेले नाही. पण सुमारे एकचतुर्थांश रुग्णांचे सुटू शकले, हेही थोडे नव्हे.

कारण कळले की अपवादाचा नियम होतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते व त्यातून पेशींना सतत वाढायला लावणारे एक प्रथिन तयार होते. त्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. एके काळी काही वर्षांत जीव घेणारा हा आजार आज असंख्य रुग्ण मधुमेहासारखा, रोजची गोळी घेत सांभाळतात. भारतात तिचे स्वस्त पर्याय मिळू शकतात, यामागे औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकालही आहे.

माझ्या पाहण्यातील एक आजी. वय ७४, आयुष्यात कधी तंबाखूला स्पर्श नाही. दोन महिने हटत नसलेला खोकला शेवटी फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. ‘या वयात आता कशाला त्यांचे हाल?’ असे म्हणून मुलांनी उपचार न करण्याचे जवळजवळ ठरवले होते. बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर जनुकाची चाचणी करून घेतली, तीत बदल सापडला. भारतातील अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या फुफ्फुसाच्या कर्करोगात साधारण चार रुग्णांपैकी एकात हा बदल आढळतो आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते. आजींना रोजची एक गोळी सुरू झाली. अंगावर पुरळ आले, जुलाब झाले, ते आटोक्यात आणले. महिन्याभरात दम कमी झाला. जवळजवळ दोन वर्षे त्या स्वतः स्वयंपाक करीत, नातीच्या लग्नात हळदीला बसल्या. पुढे गोळीचा प्रभाव ओसरला आणि त्या गेल्या. रोग बरा झाला नाही. पण त्या दोन वर्षांची किंमत त्यांच्या घरच्यांना विचारावी.

वय हा एकच निकष नव्हे

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, मेलानोमा झाल्याचे निदान झाले. रोग यकृतात व मेंदूत पोहोचलेला होता. यकृतातील गाठ शस्त्रक्रियेने काढली, मेंदूतील डागांवर किरणोपचार केले आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तपासणीत कर्करोग दिसत नसल्याचे त्यांनी जाहीर केले. २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रत्येकाच्या बाबतीत असे घडणार नाही. त्या औषधाला प्रतिसाद न देणारे रुग्णही पुष्कळ आहेत. परंतु ‘वय झाले’ एवढ्या एका वाक्यावर निर्णय होऊ नये. रुग्ण स्वतःची आंघोळ स्वतः करतो का, जिना चढतो का, हृदय व मूत्रपिंड कसे आहेत, स्मरणशक्ती शाबूत आहे का, घरी सोबत कोण आहे, या गोष्टी जन्मतारखेपेक्षा अधिक सांगून जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्यांची स्वतःची इच्छा काय आहे.

‘किती दिवस?’ या प्रश्नाचे उत्तर

उत्क्रांतीचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला. या रोगात जगण्याचा ‘मध्यांक’ आठ महिने असल्याचे त्यांच्या वाचनात आले. मध्यांक म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतरही जगतात. त्या दुसऱ्या निम्म्यांतील काही जण पुष्कळ वर्षे जगतात. हे ओळखून त्यांनी उपचार घेतले आणि ते आणखी वीस वर्षे जगले. डॉक्टरांनी ‘सहा महिने’ म्हटले, तर ती मुदत समजू नये. तो अनेक रुग्णांचा हिशेब आहे, आपल्या रुग्णाचे भविष्य नव्हे. त्याचबरोबर, आपला रुग्ण दुसऱ्या निम्म्यातच असेल असे धरून आर्थिक व कौटुंबिक निरवानिरव पुढे ढकलणेही योग्य नाही.

खर्चाच्या बाबतीतही एक आशादायक गोष्ट आपल्या मुंबईत घडली आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या पसरलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या एका लहानशा अंशात, म्हणजे केवळ २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या जोडीला दिले. वर्षअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ‘परवडत नाही’ म्हणून घरी परतण्याआधी असे पर्याय, तसेच महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजना यांची चौकशी अवश्य करावी.

घरच्यांनी काय करावे?

- बायोप्सीचा अहवाल आणि मेणाचे ठोकळे जपून ठेवावेत. पुढील जनुकीय चाचण्या बहुधा त्यांवरच होतात. ‘या प्रकारात कोणती चाचणी उपयोगी आहे आणि तिच्या निकालाने उपचार बदलेल का?’ असे कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. उपचार बदलणार नसेल, तर महागडी चाचणी करण्याचा आग्रह धरू नये.

- केमोथेरपी सुरू असताना १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील, तर काही तासांत जंतुसंसर्ग जीवघेणा ठरू शकतो.

- इम्युनोथेरपी घेतलेल्या रुग्णाला जुलाब, नवा खोकला, धाप, कावीळ किंवा कमालीचा थकवा आल्यास तो साधा आजार समजू नये. चेतवलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर, फुफ्फुसांवर वा थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करू शकते, आणि तेही उपचार थांबल्यानंतर काही महिन्यांनी. कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ‘हे औषध घेतले होते’ हे प्रथम सांगावे.

- या औषधांत पहिल्या स्कॅनमध्ये गाठ मोठी दिसून नंतर ती आक्रसते, असे क्वचित घडते. गाठीत शिरलेल्या प्रतिकारपेशींमुळे ती फुगलेली दिसते. बहुतेक वेळा मात्र वाढलेली गाठ म्हणजे वाढलेला रोगच असतो. रुग्णाची प्रकृती सुधारत आहे की ढासळत आहे, याची आपण रोज केलेली नोंद डॉक्टरांना निर्णय घेण्यास मदत करते.

- काढे, भस्मे, चूर्णे डॉक्टरांना न सांगता देऊ नयेत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. तसेच ‘साखरेने गाठ वाढते’ म्हणून अशक्त रुग्णाचे जेवण तोडू नये. वरणभात, तूप, अंडी, दही, जे रुचेल व पचेल ते थोडे थोडे द्यावे.

औषध लागू पडले नाही तर

काही रुग्णांवर सर्व योग्य उपचार होऊनही रोग थांबत नाही. अशा वेळी एखाद्या अपवादाचे उदाहरण देऊन ‘मनोबल ठेवा, ते बरे झाले, तुम्हीही व्हाल’ असे वारंवार म्हणणे रुग्णाला जाचक होते. आपण कमी पडलो, असे त्याला वाटू लागते. धीराने सोसणारी माणसेही या रोगाने जातात आणि खचलेली माणसेही बरी होतात. पेशींचे जीवशास्त्र मनाच्या आज्ञेत नसते.

त्या टप्प्यावर वेदना, धाप, मळमळ व निद्रानाश यांवर नेमके उपचार करणारे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशामक शुश्रूषा, उपलब्ध आहे. ती अखेरच्या आठवड्यासाठी राखून न ठेवता लवकर सुरू करावी. मुख्य उपचारांबरोबरही ती चालते. ‘आईला सांगू नका’ अशी विनंती मला अनेकदा केली जाते. आईला बहुधा आधीच कळलेले असते. तिला किती जाणून घ्यायचे आहे, हे तिलाच विचारावे आणि तेवढे खरे सांगावे. मग राहून गेलेली भेट, कुलदैवताचे दर्शन, एखादी सही, एखादी क्षमा यांना वेळ मिळतो.

पुढच्या तपासणीला जाताना मनातील तीन प्रश्न कागदावर लिहून न्या : रोग नेमका कोणत्या प्रकारचा आहे, या उपचाराने आपण काय साध्य करू पाहत आहोत, आणि ते साध्य होत आहे की नाही हे केव्हा व कसे कळेल. उत्तर समजले नाही, तर पुन्हा विचारा. कर्करोगतज्ज्ञांच्या गर्दीत तेवढा वेळ मिळाला नाही, तर ती कागदपत्रे घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ती नीट वाचून समजावून सांगणे हे आमचेच काम आहे.