झुंडीची कात्री

दोन स्त्रियांच्या प्रेमाची कथा सांगणारा दीपा मेहता यांचा ‘फायर’ सेन्सॉर मंडळाने संमत केला होता. तरीही २ डिसेंबर १९९८ रोजी शिवसैनिकांनी गोरेगावच्या चित्रपटगृहाची मोडतोड करून तो बंद पाडला. मंडळाने फेरतपासणीनंतर १९९९ मध्ये तो पुन्हा संमत केला. मधल्या काळात कात्री झुंडीच्या हाती होती.

अशा दांडगाईची झळ कोणाला लागते? गाव सोडून महाळुंगे-चाकणच्या कारखान्यांत आलेला एखादा तरुण सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) शोधतो, तेव्हा घरी ज्याचा उच्चारही होत नाही त्या प्रेमाला तो शब्द शोधत असतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रेमावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. मनातील भय मात्र निकालाने जात नाही. त्यासाठी कथाच लागते.