आजोबांची नाणी आणि नातवंडांचे वाटे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर जुनी नाणी मांडण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरी आहे. राणीछाप रुपया, पंचम जॉर्जचा रुपया, एखादा ढब्बू पैसा, आणि लढाईच्या दिवसांत, १९४३ साली निघालेला तो मधे भोक असलेला पैसा. पूजा आटोपली की ही मंडळी पुन्हा आपल्या डब्यात जातात. ती कोणी जमवली, कोठून आणली, हे घरात एखाद्याच माणसाला ठाऊक असते. बहुधा ते आजोबा असतात. आणि त्यांनी ते कधी सांगितलेले नसते, कारण त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

आज आपल्याशी बोलायचे आहे ते या डब्याविषयी. तो पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा कसा?

एका निवृत्त गुरुजींच्या घरची हकीकत मला ठाऊक आहे. चाळीस वर्षे खपून त्यांनी नाणी जमवली होती. प्रत्येक नाणे वेगळ्या पुडीत, आणि पुडीवर ओळभर मजकूर. वडिलांकडून मोडी शिकलेले, म्हणून मजकूर मोडीत. गुरुजी गेले. मागे तीन मुलगे आणि एक मुलगी. भांडण मुळीच झाले नाही. उलट समजूतदारपणाच नडला म्हणा ना! 'सगळ्यांना सारखं मिळू दे' म्हणून चांदीची नाणी मोजून चार वाटे केले, तांब्याची तराजूत घातली. पुड्यांवरचे कोणालाच वाचता येईना, तेव्हा कागद बंबात गेले. चौघांनाही आपापला वाटा मिळाला. संग्रह मात्र कोणालाच मिळाला नाही.

कोणी म्हणेल, नाणी तर घरातच राहिली, मग बिघडले काय? त्यासाठी थोडे नाशिककडे जाऊ. नाशिकजवळ जोगलटेंभी म्हणून गाव आहे. तेथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांवर. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खाली नहपानाचा चेहरा, वर गौतमीपुत्राची खूण! गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला असे नाशिकच्या लेण्यातला त्याच्या आईचा लेख सांगतो. पण आईने मुलाची केलेली स्तुती म्हणून ती कोणी सोडूनही दिली असती. या नाण्यांनी तिला साक्ष दिली. आता समजा, सापडल्या सापडल्या ती दहा घरांत वाटली गेली असती आणि सोनाराच्या मुशीत गेली असती, तर? एखाददुसरे नाणे कोठे दिसलेही असते. पण हजारो नाणी एकत्र असल्यामुळे जे कळले, ते कळले नसते.

आपल्या घरच्या डब्यात काही नहपान नसतो, हे खरे. पण न्याय तोच. नाणे कोणते, हे कोणताही जाणकार सांगेल. ते आपल्या घरी कसे आले, हे फक्त आपणच सांगू शकतो.

तेव्हा पहिले काम वहीचे. प्रत्येक पुडीला आकडा द्या, तोच वहीत घाला. पुढे धातू, वजन, दोन्ही बाजूंवरचा मजकूर, आणि नाणे कोणाकडून, कोणत्या गावी, कधी मिळाले ते. अक्षर देवनागरी, सुवाच्य, आणि शक्यतो नातवाच्या हातचे. आपण सांगावे, त्याने लिहावे. राणीच्या रुपयावर आधी 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असे इंग्रजीत असते. पाचवीतला मुलगाही ते लावतो. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही अक्षरे लागली की मुलांचे डोळे कसे चमकतात ते पाहावे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि सरकारला तो रुपया मागे घ्यावा लागला. ही गोष्ट मुले एकदा ऐकली की विसरत नाहीत.

शिक्षक मंडळींना येथे आयताच धडा सापडेल. 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण मुले पाठ म्हणतात. पण दोन्ही मिळून बरोबर एक रुपया होतो, हे किती जणांना सुचते? सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैचा पैसा. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि आणे व्यवहारातून जाऊन भाषेत राहिले.

आता जपणुकीचे. चिंच, लिंबू, राख यांनी नाणी घासू नका. जुन्या तांब्यावरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे. तो गेला की अक्षरांची धारही जाते आणि जाणकारांच्या लेखी किंमतही. पूजेला हळदकुंकू शेजारच्या सुपारीला वाहावे. माळेसाठी नाण्याला कडी डाखवू नये. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा साधी कागदी पुडी बरी.

कायद्याचेही थोडे पाहू. एका हाती संग्रह द्यायचा असेल तर मृत्युपत्रात तसे लिहा, वहीचा उल्लेख करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. बाकीच्यांची भरपाई दुसऱ्या कशाने करा. अमुक एक थोरला म्हणून त्याला, असे करू नये. ज्याने आपण होऊन विचारले त्याला द्यावा, आणि तो नातू नसून नात असली तर अधिकच छान. नांगरताना धन सापडले आणि ते दहा रुपयांहून अधिक मोलाचे असले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते घरच्या डब्यात मिसळू नये. आणि परदेशी राहणाऱ्या नातवाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, ती बॅगेत घालून देशाबाहेर नेता येत नाहीत. घरात कोणालाच गोडी नसेल, तर वहीसकट एखाद्या संग्रहालयाला विचारावे.

त्या गुरुजींच्या मुलीच्या वाट्यात एक पुडी चुकून तशीच राहिली होती. पुढे तिला मोडी वाचणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी लावून दिले ते असे: 'शिवराई, एक. विद्यार्थ्याच्या आजीने दिली. पैसे घेईना. मुलास पाटी घेऊन दिली.' कोणता विद्यार्थी, कोणते गाव, ते बहुधा वहीत असेल म्हणून तिने घर धुंडाळले. वही सापडली नाही.